निचऱ्याचे पाणी आणि सार्वजनिक जबाबदारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतातून निचरून येणाऱ्या पाण्यातील नायट्रेट काढून टाकणारे बायोरिअ‍ॅक्टर कसे बांधावेत, हा विषय अभियंत्यांचा आहे. समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात त्याचे काय प्रयोजन, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझे उत्तर सरळ आहे. लाकडाच्या ढलप्यांनी भरलेला एक चर, एवढेच या यंत्रणेचे स्वरूप. परंतु तो चर कोणाच्या जमिनीत खणायचा, कोणाच्या पैशाने खणायचा आणि त्याचा लाभ कोणाला मिळणार, हे प्रश्न विचारू लागलो की आपण थेट अर्थकारणात येऊन पोहोचतो. म्हणून आज तंत्र आणि अर्थकारण यांचा विचार एकत्रच करावयाचा आहे.

या तंत्राचा सर्वाधिक अनुभव अमेरिकेच्या मका पिकविणाऱ्या प्रदेशात, विशेषतः आयोवा राज्यात मिळालेला आहे. आयोवाच्या उत्तर-मध्य भागातील काळी जमीन मुळात पाणथळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शेतकऱ्यांनी जमिनीखाली तीन-चार फुटांवर भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरून ती निचऱ्याखाली आणली. पुढे त्यांची जागा सच्छिद्र प्लास्टिकच्या नळ्यांनी घेतली. हे काम एकट्या-दुकट्याचे नव्हते. माझ्या शेताचे पाणी तुमच्या शेतातून पुढे जाणार, तर दोघांना बांधणारी संस्था हवी. त्यासाठी ‘निचरा जिल्हे’ नावाच्या सार्वजनिक संस्था कायद्याने अस्तित्वात आल्या. मुख्य नळ टाकण्यासाठी जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार त्यांना मिळावा म्हणून १९०८ मध्ये राज्याच्या घटनेतही दुरुस्ती करण्यात आली. ज्या जमिनीला लाभ होतो तिच्यावर पट्टी बसवायची आणि ती वसूल करायची, असा हा कारभार आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा सतत जयघोष करणाऱ्या देशात, पाणी शेताबाहेर काढण्यासाठी सक्तीची सामूहिक यंत्रणा उभी राहिली, ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवा. तिच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

नत्राचा जो अंश नायट्रेटच्या रूपात मातीत असतो तो पाण्यात सहज विरघळतो. चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो, नायट्रेटवरही ऋणभारच असतो. त्यामुळे माती त्याला धरून ठेवीत नाही. पावसाचे पाणी खाली मुरते, नायट्रेटला बरोबर घेऊन नळीत उतरते आणि ओढ्यावाटे नदीला मिळते. हा नत्र केवळ गोणीतून टाकलेल्या खताचा असतो असे मात्र नाही. मातीतील सेंद्रिय द्रव्य कुजून मोकळा होणारा नत्रही त्यात मोठ्या प्रमाणात असतो. मका आणि सोयाबीन ही दोनच पिके आलटून-पालटून घेतली की शरद ऋतूतील कापणीपासून पुढच्या पेरणीपर्यंत जमीन उघडी राहते. तेव्हा नत्र उचलणारे एकही मूळ जमिनीत नसते.

त्याचा परिणाम कोणावर होतो? १९४५ मध्ये हंटर कॉम्ली या आयोवातील डॉक्टरांनी दाखवून दिले की, विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्यात कालविलेले दूध पाजल्याने तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि मूल निळे पडते. पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र ही अमेरिकेची मर्यादा मुख्यतः या रोगाच्या अनुभवावरून ठरली. आपल्या भारतीय मानकातील ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे जवळजवळ तीच मर्यादा. फरक केवळ मोजण्याच्या पद्धतीचा आहे. २०१८ मध्ये डेन्मार्कमधील लक्षावधी नागरिकांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात, या मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी नायट्रेट असलेले पाणी आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचा संबंध आढळला. अशा संबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही; परंतु मर्यादेच्या आत आहे म्हणून निश्चिंत राहावे, असेही आता म्हणवत नाही.

आयोवाची राजधानी डी मॉईन. रॅकून आणि डी मॉईन या दोन नद्यांचे पाणी ती पिते. तेथील पाणीपुरवठा संस्थेला १९९० च्या दशकाच्या आरंभी पाण्यातील नायट्रेट काढण्यासाठी खास कारखाना उभारावा लागला. तो चालविण्याचा खर्च दिवसाला हजारो डॉलर असून तो शहरातील घराघराच्या पाणीपट्टीतून निघतो. जून २०२५ मध्ये तर कारखाना पूर्ण शक्तीने चालवूनही पुरवठा आणि मागणी यांचा मेळ बसेना, तेव्हा मध्य आयोवात हिरवळींना पाणी घालण्यावर बंदी घालावी लागली. उरलेले नायट्रेट मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखातात जाते. तेथे शेवाळ माजते, मरून तळाशी जाते, कुजताना पाण्यातील प्राणवायू संपविते आणि दर उन्हाळ्यात समुद्राचा एक विस्तीर्ण पट्टा जलचरांना पारखा होतो. २०१७ मध्ये या पट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरले. १९८५ पासून होत आलेल्या मोजणीतील तो उच्चांक आहे. लुइझियानाच्या कोळ्यांचा आणि आयोवाच्या मक्याचा असा संबंध आहे.

आता चराकडे वळू. पाण्यात प्राणवायू नसला आणि कर्बयुक्त अन्न भरपूर असले, तर मातीतील कित्येक जीवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात. नायट्रेटचे नायट्राइट, त्यापासून नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी निरुपद्रवी नत्रवायू, अशी ही पायऱ्यांची क्रिया आहे. ती निसर्गात दलदलीत चालत असते. दलदली आटवून शेते केली तेव्हा ही सोय आपण नष्ट केली. बायोरिअ‍ॅक्टर म्हणजे ती छोट्या जागेत पुन्हा उभी करणे होय. १९९० च्या दशकात कॅनडा आणि न्यूझीलंड येथील संशोधकांनी लाकडाचा भुसा व ढलप्या वापरून याचे पहिले प्रयोग केले. आयोवात शेताच्या कडेला असे चर खणण्याचे काम या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाले.

निचऱ्याचा नळ ओढ्याला मिळण्यापूर्वी त्याच्या वाटेवर एक पेटी बसवितात. तिच्यातील फळ्या वरखाली करून पाण्याचा काही भाग चरात वळविता येतो आणि जास्तीचे पाणी थेट पुढे सोडता येते. चराच्या दुसऱ्या टोकाला तशीच पेटी असते. तिच्या फळ्यांनी चरातील पाण्याची उंची, आणि म्हणून पाणी आत किती वेळ रेंगाळावे, हे ठरते. ही वेळ हाच या आराखड्याचा गाभा आहे. पाणी फार लवकर निघून गेले तर क्रिया अर्धवट राहून नायट्रस ऑक्साइड हा हवामान तापविणारा वायू सुटू शकतो. फार वेळ थांबले तर नायट्रेट संपून जीवाणू सल्फेटकडे वळतात, सडक्या अंड्याचा वास येऊ लागतो आणि पाऱ्याचे विषारी संयुग तयार होण्याचा धोका उद्भवतो. म्हणून आराखड्यात साधारणपणे चार ते आठ तासांचा मुक्काम धरतात.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. आकडे मांडल्याशिवाय मला समाधान होत नाही. वीस हेक्टर शेताचा निचरा घ्या. चर तीस मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि ढलप्यांचा थर एक मीटर जाडीचा, म्हणजे १८० घनमीटर. ढलप्यांमधील पोकळी सुमारे सत्तर टक्के; म्हणजे १२६ घनमीटर पाणी मावेल. सहा तासांचा मुक्काम द्यायचा तर दिवसाला सुमारे ५०० घनमीटर पाणी चरातून जाऊ शकते. पावसाळी दिवसांत नळ्यांतून दिवसाला दहा मिलिमीटर पाणी निघते असे धरल्यास त्या शेतातून २,००० घनमीटर येणार. म्हणजे भर पुराच्या दिवशी तीन-चतुर्थांश पाणी चराला वळसा घालून जाणार. सारे पाणी मावेल एवढा चर खणला, तर एरवीच्या कमी प्रवाहात पाणी त्यात दिवसचे दिवस साचून राहील. शिवाय खर्चही चौपट.

पुढचा हिशेब नत्राचा. शेतावरील अनुभवात ढलप्यांच्या एका घनमीटरमागे दिवसाला साधारण दोन ते दहा ग्रॅम नत्र निघतो. आपण पाच ग्रॅम धरू. १८० घनमीटरचा चर दिवसाला ९०० ग्रॅम नत्र काढील. लिटरला १५ मिलिग्रॅम नत्र असलेले ५०० घनमीटर पाणी आत आले तर त्याबरोबर साडेसात किलो नत्र आला. त्यातील जेमतेम आठवा हिस्सा निघाला. प्रवाह कमी असेल तेव्हा हेच प्रमाण पुष्कळ वाढते. वर्षातले दीडशे दिवस नळ्या वाहिल्या तर १३५ किलो नत्र निघेल. हेक्टरी तीस किलो वाहून जातो असे धरल्यास वीस हेक्टरांतून ६०० किलो जातो. म्हणजे पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक अडविला. आयोवा राज्याच्या २०१३ च्या धोरणपत्रात बायोरिअ‍ॅक्टरची सरासरी ४३ टक्के धरलेली आहे. प्रत्यक्ष फळ जागेजागेनुसार आणि हंगामानुसार बदलते. विशेषतः वसंत ऋतूत पाणी सर्वांत जास्त येते आणि नेमके तेव्हाच ते थंड असल्याने जीवाणू मंद असतात. निसर्गाची ही अडचण फळ्या वरखाली करून पूर्णतः सुटत नाही.

चराला दहा ते पंधरा हजार डॉलर लागतात आणि दहा वर्षांचे आयुष्य धरून तो बांधतात. बारा हजार धरले तर व्याज सोडूनही नत्राच्या किलोमागे सुमारे नऊ डॉलर पडले. खतातील एक किलो नत्र शेतकऱ्याला साधारण एक-दोन डॉलरला मिळतो. टाकायला दीड, काढायला नऊ! यातील टाकण्याचा निर्णय खाजगी आणि काढण्याचा खर्च सार्वजनिक, असा हा बाजार आहे. पाठ्यपुस्तकात याला ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. ज्या मातेच्या नळाला ते पाणी येते तिच्या दृष्टीने त्यात बाह्य काहीच नसते.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारावा काय? मुळीच नाही, आणि हे म्हणताना मी भावनेच्या आहारी जात नाही. त्याच धोरणपत्रात आणखी काही आकडे आहेत. शेतकऱ्याने खताची मात्रा शास्त्रीय शिफारशीइतकी खाली आणली, तर नायट्रेट सरासरी अवघे दहा टक्के घटते. हिवाळ्यात राय धान्याचे आच्छादन पीक घेतले तर ३१ टक्के. पाणथळ तळी पुन्हा निर्माण केली तर ५२ टक्के. आणि बारमाही पिकांखाली जमीन आणली तर ७० टक्क्यांहून अधिक. म्हणजे दोष एकेका शेतकऱ्याच्या उधळेपणात कमी आणि पीकपद्धतीत जास्त आहे. ही पीकपद्धती शेतकऱ्याने एकट्याने ठरविलेली नाही. आयोवाच्या मक्यापैकी अर्ध्याहून अधिक मका इथेनॉलच्या कारखान्यांत जातो आणि इंधनात तो मिसळण्याची सक्ती २००५ व २००७ च्या कायद्यांनी केलेली आहे. मक्याला बाजार कायद्याने मिळवून दिला. मक्यामुळे बिघडलेल्या पाण्याची जबाबदारी मात्र ऐच्छिक ठेवली.

ही ऐच्छिकता हा आजच्या विषयाचा कळीचा मुद्दा आहे. अमेरिकेचा १९७२ चा जलशुद्धी कायदा कारखान्याच्या सांडपाण्याला परवाना मागतो. शेतीच्या पाण्याला त्याने बहुतांशी वगळले आहे. आयोवाच्या २०१३ च्या धोरणाने नत्र व स्फुरद ४५ टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट ठेवले, पण मार्ग ठेवला स्वेच्छेचा. राज्यात नव्वद लाख एकरांहून कमी नाही एवढी जमीन भूमिगत निचऱ्याखाली आहे. पन्नास एकरांना एक चर धरला तर एक लाख ऐंशी हजार चर लागतील आणि खर्च दोनशे कोटी डॉलरच्या वर जाईल. ज्या शेतकऱ्याच्या पिकात या चरामुळे एका दाण्याचीही वाढ होत नाही, त्याने तो स्वखुशीने खणावा ही अपेक्षा अर्थशास्त्राला धरून नाही.

२०१५ मध्ये डी मॉईनच्या पाणीपुरवठा संस्थेने सॅक, कॅल्हून आणि ब्वेना व्हिस्टा या तीन परगण्यांतील निचरा जिल्ह्यांवर दावा लावला. जानेवारी २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निचरा जिल्ह्यांकडून नुकसानभरपाई मागता येत नाही. मार्चमध्ये संघराज्याच्या न्यायालयाने दावा फेटाळला. निचरा जिल्ह्यांचे काम पाणी वाहून नेण्याचे. ते शुद्ध करण्याचा अधिकारच त्यांना कायद्याने दिलेला नाही, हे या निर्णयांमागील एक मुख्य कारण होते. मघाशी जी गोष्ट ध्यानात ठेवावयास सांगितली ती हीच. जमिनीचा भाव वाढविण्यासाठी सक्तीची पट्टी, सक्तीचे भूसंपादन आणि सामूहिक संस्था. पाणी स्वच्छ करण्याची वेळ आली की संस्थेला अधिकार नाही आणि व्यक्तीवर बंधन नाही. लाभाचे समाजीकरण करावयाचे तेव्हा कायदा तत्पर असतो. जबाबदारीच्या समाजीकरणासाठी तो सवड शोधतो.

याहून वेगळे घडू शकते काय? घडू शकते. २०२१ च्या सुमारास डी मॉईन ज्या पोक परगण्यात आहे तेथे एक निराळी पद्धत अवलंबिली गेली. परगण्याने पुढाकार घेतला, अनेक शेतांवरची कामे एकत्र करून एकाच ठेक्यात दिली आणि खर्चाचा भार शेतकऱ्यावर टाकला नाही. एकेकाची वाट पाहत बसण्यापेक्षा काम कितीतरी वेगाने झाले. दुसरे उदाहरण डेन्मार्कचे, ज्याच्या सहकाराचे दाखले आपल्या सहकारी चळवळीनेही दिलेले आहेत. तेथे १९८७ पासून जलरक्षणाचे कार्यक्रम कायद्याने लागू झाले. प्रत्येक शेताला नत्राचा हिशेब ठेवणे आले, खताला मर्यादा आली, शेणखत साठविण्याची सोय आणि आच्छादन पिके बंधनकारक झाली. पंधरा-सोळा वर्षांत शेतातून झिरपणारा नत्र सुमारे निम्म्यावर आला आणि डेन्मार्कची शेती बुडाली नाही. तेथील प्रश्न संपलेला नाही. पण स्वेच्छा आणि नियमन यांतील फरक दिसण्यास एवढे पुरे.

आता आपल्याकडे पाहू. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील सुमारे वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण तिसऱ्या हिश्शाहून अधिक आहे. हे नायट्रेट विहिरी-बोअरचे. त्यात खताबरोबर शौचखड्डे आणि जनावरांचे गोठे यांचाही वाटा असतो. ढलप्यांचा चर त्यावर उपाय नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. नळीतून एका तोंडाशी येणाऱ्या पाण्यावरच तो चालतो.

तथापि असे पाणी आपल्याकडेही आहे आणि वाढते आहे. सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत उसाला बेसुमार पाणी देऊन हजारो एकर जमीन क्षारपड आणि चोपण झाली. तिच्या सुधारणेसाठी भूमिगत सच्छिद्र नळ्यांची योजना हाच खरा मार्ग ठरला आहे. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गट करून हे काम मोठ्या प्रमाणावर केले, ते स्वागतार्हच आहे. पण या नळ्यांचे पाणी ओढ्या-नाल्यांतून कृष्णा-पंचगंगेत उतरते आणि खालच्या गावांच्या पाणीयोजना त्याच नद्यांवर आहेत. उसाला युरियाची मात्रा मोठी; आणि २०१० च्या पोषणाधारित अनुदान योजनेतून युरिया बाहेर ठेवल्याने त्याचा भाव इतर खतांच्या मानाने फारच कमी राहिला. पंचेचाळीस किलोची गोणी करादी सोडून २४२ रुपयांना मिळते. म्हणजे किलोभर नत्र सुमारे बारा रुपयांना. स्फुरद-पालाश महाग आणि नत्र स्वस्त, मग शेतकऱ्याचा हात युरियाकडे वळला तर त्यात त्याचा अपराध कोणता? अनुदान काढून घ्या असे मी म्हणत नाही. लहान शेतकऱ्याचे कंबरडे त्याने मोडेल. तिन्ही खतांचे भाव परस्परांशी सुसंगत करा, एवढे मात्र म्हणतो.

यातून आपल्यापुढे काही कामे उभी राहतात. पहिले म्हणजे, निचऱ्याच्या प्रत्येक नव्या योजनेत पाण्याच्या तोंडाशी काय करावयाचे याचा विचार आराखड्यातच झाला पाहिजे आणि त्याचा खर्च योजनेच्या अनुदानात धरला पाहिजे. नळ्या पडल्यानंतर दुसरी संस्था उभी करणे किती कठीण जाते, हे आयोवाने दाखविले आहे. दुसरे म्हणजे, आपल्या उष्ण हवामानात हे जीवाणू बारा महिने कार्यक्षम राहतील ही जमेची बाजू. पण ढलप्याही लवकर कुजतील, आणि क्षारयुक्त पाण्यात सल्फेटचे प्रमाण जास्त असल्यास फार वेळ मुक्काम देणे धोक्याचे ठरेल. मक्याची कणसे वापरल्यास नत्र जलद निघतो पण ती लवकर संपतात, हे अमेरिकेतील प्रयोगांत दिसले आहे. आपल्याकडे कोणते टाकाऊ द्रव्य योग्य, याचा शोध कसबे डिग्रजच्या क्षारपड जमीन संशोधनासारख्या सार्वजनिक संस्थांनी घ्यावा आणि त्यासाठी त्यांना पैसा मिळावा, ही मागणी आपण केली पाहिजे. तिसरे म्हणजे, खर्चाचा वाटा कारखाना, शासन आणि निचऱ्याने लाभान्वित झालेली मोठी धारणक्षेत्रे यांनी उचलावा. दोन एकरवाल्यावर त्याचे ओझे पडू नये.

कोणी म्हणेल, ही चैन श्रीमंत देशांची; आमच्या शेतकऱ्याला आधी उसाची थकबाकी तर मिळू द्या. थकबाकीसाठी आपण लढतच आहोत आणि लढत राहू. परंतु नदीकाठच्या वस्तीवर राहणारा, ज्याच्या नावावर ऊसही नाही आणि जमीनही नाही, तो शेतमजूर तेच पाणी पितो. त्याला शुद्धीकरणाचे यंत्र विकत घेता येत नाही आणि बाटलीचे पाणीही परवडत नाही. त्याचे हित आणि ऊसवाल्याचे हित यांत कुठे अंतर पडते आहे, हे पाहण्याचे टाळून चळवळ पुढे जाणार नाही.

आज आपण लगेच करू शकतो असे काम छोटे आहे. आपापल्या तालुक्यात भूमिगत निचऱ्याचे पाणी जिथे ओढ्यात पडते ती तोंडे शोधून काढा. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाची मदत घेऊन जूनपासून मार्चपर्यंत दर पंधरा दिवसांनी त्या पाण्यातील नायट्रेट मोजा आणि प्रवाह बादलीने व घड्याळाने टिपा. दोन हंगामांचे असे आकडे हाती आले की ग्रामसभेत, कारखान्याच्या वार्षिक सभेत आणि विधानसभेत आपण काय बोलावयाचे ते त्यांतूनच ठरेल.